कोरम सेन्सिंग: जीवाणूंच्या रासायनिक संवादाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जीवाणू एकमेकांशी ‘बोलतात’ म्हणजे नेमकं काय होतं?

प्रत्येक पेशी एक छोटा रेणू थोड्या थोड्या प्रमाणात तयार करून बाहेर सोडत राहते. पेशी विरळ असतील तर तो रेणू आजूबाजूच्या पाण्यात विरून जातो. पेशी दाटल्या की तो साठत जातो. त्याची तीव्रता ठरावीक पातळीवर पोचली की पेशीतल्या ग्राहक प्रथिनाला तो चिकटतो आणि काही जनुकं एकदम चालू किंवा बंद होतात. यालाच कोरम सेन्सिंग म्हणतात. बऱ्याच जातींमध्ये चालू होणाऱ्या जनुकांत तो रेणू बनवणाऱ्या एन्झाइमचं जनुकही असतं. त्यामुळे एकदा सुरुवात झाली की उत्पादन आणखी वाढतं आणि साऱ्या पेशी जवळपास एकाच वेळी वागणूक बदलतात.

इथे हेतू, ठरवणं असलं काही नाही. ‘संवाद’ हा सोयीचा शब्द आहे, तो फार ताणू नये.

याचा शोध कसा लागला?

न्यूमोकॉकसमध्ये बाहेरचा डीएनए आत घेण्याची क्षमता पेशींनी सोडलेल्या एका द्रव्यामुळे येते, हे अलेक्झांडर टोमाझ यांनी १९६५ मध्ये दाखवलं होतं. पण विषयाला खरी दिशा मिळाली ती प्रकाशणाऱ्या सागरी जीवाणूंमुळे. केनेथ नीलसन, टेरी प्लॅट आणि वुडलँड हेस्टिंग्ज यांनी १९७० मध्ये दाखवलं, की ताज्या माध्यमात (जीवाणू वाढवायच्या पोषक द्रवात) वाढ लगेच सुरू होते, मात्र प्रकाश देणारं एन्झाइम बराच वेळ बनतच नाही. पेशी दाटल्यावर ते झपाट्याने बनतं. दाट कल्चरमधलं (माध्यमात वाढवलेल्या जीवाणूंमधलं), पेशी काढून टाकलेलं जुनं माध्यम विरळ कल्चरमध्ये घातलं की प्रकाश लवकर येतो. म्हणजे कारण त्या द्रवात होतं. १९८१ मध्ये त्या रेणूची रचना कळली, १९८३ मध्ये संबंधित जनुकं (प्रकाशासाठीची ‘लक्स’ जनुकं) वेगळी काढली गेली आणि ‘कोरम सेन्सिंग’ हे नाव १९९४ मध्ये रूढ झालं.

यातला मुख्य जीवाणू अलियिव्हिब्रिओ फिशेरी. जुन्या लेखनात तो व्हिब्रिओ फिशेरी म्हणून सापडेल. हवाई बेटांजवळच्या एका छोट्या माकुळाच्या प्रकाश-अवयवात तो राहतो. समुद्राच्या पाण्यात तो इतका विरळ असतो की संकेत साठूच शकत नाही. अवयवात मात्र दर मिलिलिटरला एक हजार कोटींच्या पुढे पेशी होतात. रोज पहाटे माकूळ त्यातले सुमारे ९५ टक्के जीवाणू बाहेर टाकतं, उरलेले दिवसभरात पुन्हा वाढतात आणि रात्री उजेड तयार असतो.

कोकणच्या किनाऱ्यावर रात्री निळसर चमकणाऱ्या लाटा म्हणजे हेच का?

नाही. त्या बहुतेक वेळा नॉक्टिल्युका या एकपेशीय प्लवकामुळे चमकतात. ओळखायची खूण सोपी आहे: पाणी हललं, पाय पडला की क्षणभर चमक येते आणि जाते. जीवाणूंचा प्रकाश सलग, स्थिर असतो, त्यासाठी पाणी हलावं लागत नाही. जीवाणूंमुळे उजळल्याचं मानलं जाणारं समुद्राचं मोठं क्षेत्र पाहायचं असेल तर १९९५ च्या जानेवारीत सोमालियाजवळ उपग्रहाने टिपलेलं उदाहरण आहे. ते सलग तीन रात्री दिसत होतं आणि सुमारे १५,४०० चौरस किलोमीटर पसरलं होतं.

संकेत-रेणू कोणकोणते असतात?

ग्राम रंगचाचणीवरून जीवाणूंचे ग्राम-ऋण आणि ग्राम-धन असे दोन प्रकार करतात. ग्राम-ऋण जीवाणूंमध्ये सर्वांत जास्त अभ्यासलेला गट एएचएल, म्हणजे असाइल होमोसेरीन लॅक्टोन. त्याचं एक टोक पाच अणूंचं लॅक्टोन वलय, दुसरं टोक ४ ते १८ कार्बनची साखळी. वलय सगळ्यांत सारखं. वेगळेपण साखळीच्या लांबीत आणि तिसऱ्या कार्बनवर ऑक्सिजन आहे की नाही यात. हा रेणू लक्सआय गटाचं एन्झाइम बनवतं आणि लक्सआर गटाचं प्रथिन ओळखतं.

ग्राम-धन जीवाणू छोटी पेप्टाइड वापरतात. ती पेशीपटलातून आपोआप पार होत नाहीत, वाहक प्रथिनाने बाहेर सोडावी लागतात आणि बहुधा पटलावरचा कायनेज (फॉस्फेट जोडणारं एन्झाइम) ग्राहक ती ओळखतो. स्टॅफिलोकॉकस ऑरियसचं पेप्टाइड ७ ते ९ अमिनो आम्लांचं आणि वलयाकार असतं. त्याचे चार गट आहेत आणि एका गटाचं पेप्टाइड बहुधा दुसऱ्या गटाचा ग्राहक अडवतं.

तिसरा गट एआय-२. दोन्ही प्रकारच्या जीवाणूंत तो आढळतो, म्हणून त्याला ‘सर्वांची भाषा’ म्हणायची पद्धत पडली. व्हिब्रिओमध्ये तो बोरॉनसह काम करतो हे २००२ मध्ये कळलं. पण तो बनवणारं लक्सएस एन्झाइम पेशीच्या मिथाइल चक्रातही (रोजच्या चयापचयातही) काम करतं. तेव्हा लक्सएस बंद केल्यावर जे जे बिघडतं ते सगळं संवादाच्या खात्यात टाकणं चूक आहे. बाहेरून एआय-२ दिल्यावर वागणूक पूर्ववत होते का, हे पाहिल्याशिवाय असा दावा करू नये.

किती जीवाणू जमले की कोरम भरतो?

याला एकच आकडा नाही, आणि पाठ्यपुस्तकात दिलेला आकडा सगळीकडे लावणं धोक्याचं आहे. पेशींची संख्या जीवाणू मोजतच नाहीत. पेशीपाशी रेणूची तीव्रता किती, एवढंच कळतं. फिशेरीचा संकेत काही नॅनोमोलरवर काम करतो. १० नॅनोमोलर म्हणजे लिटरमागे जेमतेम २ मायक्रोग्रॅम. ही पातळी ढवळत्या फ्लास्कमध्ये कोट्यवधी पेशींनंतर येईल, पण मातीच्या कणातल्या बंद खाचेत मोजक्या पेशींनीही येऊ शकते. वाहत्या पाण्यात दाट थर असूनही येणार नाही, कारण रेणू वाहून जातो. म्हणूनच काही अभ्यासक म्हणतात की जीवाणू गर्दीपेक्षा ‘सोडलेली वस्तू जवळ टिकते का’ याचा अंदाज घेतात. महागडं एन्झाइम बाहेर टाकण्यापूर्वी तोच प्रश्न महत्त्वाचा असतो.

पीएचही तितकाच महत्त्वाचा. अल्कधर्मी द्रवात एएचएलचं वलय उघडतं आणि रेणू निकामी होतो. पीएच एका अंकाने वाढला की हा वेग साधारण दहापट होतो. एलबी या नेहमीच्या पोषक माध्यमात रात्रभर वाढलेलं कल्चर अमोनियामुळे सहज ८ च्या पुढे जातं. ‘कालपर्यंत संकेत होता, आज नाही’ या तक्रारीमागे बऱ्याचदा एवढंच असतं. माध्यमात ५० मिलिमोलर मॉप्स बफर घालून पीएच ६.८ ते ७ वर धरावा.

रोगजंतूंमध्ये याचा काय उपयोग होतो?

सुडोमोनास एरुजिनोसामध्ये लास आणि आरएचएल या दोन एएचएल यंत्रणा आणि क्विनोलोन वर्गातला पीक्यूएस हा तिसरा संकेत आहे. इलास्टेज, पायोसायनिन, ऱ्हॅम्नोलिपिड यांचं उत्पादन त्यांच्या ताब्यात असतं. थोड्या पेशींनी ही द्रव्यं सोडली तर नुसती प्रतिकारशक्ती जागी होईल. दाटी झाल्यावर सोडली तर ऊतींचं नुकसान करण्याइतकी मात्रा होते.

मात्र ‘संवाद चालू म्हणजे आजार जास्त’ हे समीकरण सगळीकडे चालत नाही. पटकीचा जीवाणू, व्हिब्रिओ कॉलरी, उलटा वागतो. पेशी कमी असताना तो बायोफिल्म (पृष्ठभागाला चिकटलेला जीवाणूंचा थर) बनवतो आणि रोगकारक जनुकं चालू ठेवतो. दाटी झाली की हॅपआर प्रथिन ती बंद करतं आणि जीवाणू सुटून बाहेर पडायच्या तयारीला लागतो. स्टॅफिलोकॉकस ऑरियसची एजीआर ही कोरम सेन्सिंग यंत्रणा विषारी द्रव्यं वाढवते, पण बायोफिल्म सैलही करते. ती अडवली तर विष कमी होईल आणि कॅथेटरवरचा थर जाड होईल, असंही होऊ शकतं. कोणता जीवाणू आणि कोणत्या टप्प्यावर, हे विचारल्याशिवाय ‘संवाद तोडा’ म्हणण्यात अर्थ नाही.

शेतीशी किंवा स्वयंपाकघराशी काही संबंध?

बटाट्याची आणि कांदाचाळीतल्या कांद्याची मऊ सड करणारं पेक्टोबॅक्टेरियम याच पद्धतीने चालतं. पेशीभित्ती विरघळवणारी एन्झाइमं ते दाटी होईपर्यंत राखून ठेवतं, मग एकदम सोडतं. वरून ठीक दिसणारा कांदा एक-दोन दिवसांत पाणी सोडतो, त्यामागे हेही एक कारण. एएचएल तोडणारं बॅसिलसचं एआयआयए एन्झाइम बटाट्याच्या झाडात घातल्यावर सड कमी झाल्याचं २००१ मध्ये दाखवलं गेलं. चाळीत मात्र उपाय जुनेच: मान नीट सुकवणं, जखमी कांदा वेगळा काढणं, हवा खेळती ठेवणं.

दह्याच्या विरजणात सापडणाऱ्या लॅक्टोकॉकस लॅक्टिसच्या काही जाती नायसिन बनवतात. हे ३४ अमिनो आम्लांचं पेप्टाइड इतर जीवाणूंना मारतं आणि स्वतःच्या उत्पादनाचा संकेतही तेच असतं.

महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत हे कसं दाखवता येईल?

सर्वांत सोपा मार्ग क्रोमोबॅक्टेरियम व्हायोलेसियमचा. त्याचं जांभळं रंगद्रव्य, व्हायोलेसिन, कोरम सेन्सिंगच्या ताब्यात असतं. सीव्ही०२६ या उत्परिवर्तित जातीला स्वतःचा संकेत बनवता येत नाही, म्हणून ती पांढरी वाढते. बाहेरून योग्य एएचएल मिळालं की जांभळी होते. जाती मान्यताप्राप्त संग्रहातूनच घ्याव्यात. चंडीगडचं एमटीसीसी आणि पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतलं एनसीआयएम हे आपल्याकडचे दोन मोठे संग्रह. त्यांच्याकडे नेमकी कोणती जात आहे ते यादीत पाहून मगच प्रयोग आखा.

कृती अशी:

१. सीव्ही०२६ एलबी माध्यमात, कॅनामायसिन २५ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर घालून, २८ ते ३० अंश सेल्सिअसला शेकरवर रात्रभर वाढवा.

२. ९० मिलिमीटरच्या पेट्री प्लेटमध्ये २० मिलिलिटर एलबी अगार ओतून घट्ट होऊ द्या.

३. ०.५ टक्के अगारचं ५ मिलिलिटर मऊ एलबी वितळवून ४५ अंशांपर्यंत थंड करा, त्यात १०० मायक्रोलिटर कल्चर मिसळून लगेच प्लेटवर पसरा. ५० अंशांच्या वर पेशी मरतात, ४० च्या खाली गुठळ्या होतात.

४. थर घट्ट झाल्यावर ६ मिलिमीटरचे खळगे पाडा आणि प्रत्येकात ५० मायक्रोलिटर नमुना घाला. एका खळग्यात १० मायक्रोमोलर सी६-एएचएल (सहा कार्बनच्या साखळीचं एएचएल), एकात नुसता द्रावक हवाच.

५. प्लेट उलटी न करता ३० अंशांवर २४ तास ठेवा. खळग्याभोवती जांभळं वलय म्हणजे होकार.

सी६-एएचएलचं साठ्याचं द्रावण करायला १ मिलिग्रॅम पदार्थ ०.५ मिलिलिटर डीएमएसओ या द्रावकात विरघळवा. ते १० मिलिमोलर होतं. लहान वाट्यांत उणे २० अंशांवर ठेवा, दर वेळी पूर्ण बाटली वितळवू नका.

संकेत बनवणारा जीवाणू थेट तपासायचा असेल तर त्याची रेघ सीव्ही०२६ च्या रेघेला समांतर, ५ ते १० मिलिमीटरवर ओढावी. या प्लेटमध्ये कॅनामायसिन घालू नये, नाहीतर तपासायचा जीवाणूच मरेल.

रंग आलाच नाही. काय चुकलं?

आधी सी६ चा खळगा पाहा. तोही पांढरा असेल तर दोष नमुन्यात नाही. एएचएल खराब झालंय, कल्चर मेलंय किंवा हवा पुरेशी मिळालेली नाही. व्हायोलेसिन बनायला ऑक्सिजन लागतो; प्लेटांची चळत घट्ट पिशवीत बांधून ठेवली की रंग फिका येतो. ३७ अंशांवर ठेवणं ही दुसरी नेहमीची चूक.

सी६ जांभळा आणि नमुना पांढरा असेल तर लगेच ‘संकेत नाही’ असं लिहू नका. सीव्ही०२६ ला ४ ते ८ कार्बनच्या साखळ्या ओळखता येतात. १० किंवा जास्त कार्बनच्या साखळ्या तिला जांभळं करत नाहीत, उलट रंग दाबतात. त्यांच्यासाठी ॲग्रोबॅक्टेरियम एनटीएल४ ही जात एक्स-गाल या रंग देणाऱ्या रसायनासह वापरतात. ती निळी होते, मात्र सी४ तिला जवळजवळ दिसत नाही. सुडोमोनास दोन्ही टोकांचे रेणू बनवतो, त्यामुळे एका जातीवर भागत नाही.

नमुन्यातून एएचएल कसं काढायचं?

१०० मिलिलिटर कल्चर सेंट्रिफ्यूज करून वरचा द्रव ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळा. तितकंच इथाइल ॲसिटेट, ०.१ टक्का ॲसेटिक आम्ल मिसळलेलं, घालून तीनदा निष्कर्षण करा. आम्ल वलय टिकवण्यासाठी असतं, ते वगळू नका. निर्जल मॅग्नेशियम सल्फेटने पाणी काढा, ४० अंशांच्या खाली द्रावक उडवा आणि उरलेला अंश १ मिलिलिटर ॲसिटोनायट्राइलमध्ये घ्या. हे शंभरपट तीव्र झालं. नुसत्या माध्यमाचंही असंच निष्कर्षण तुलनेला ठेवा, कारण काही चक्रीय डायपेप्टाइडही या चाचण्यांत खोटा होकार देतात. पक्की ओळख मास स्पेक्ट्रोमीटरवरच होते. तिथे लॅक्टोन वलयाचा १०२ वस्तुमानाचा तुकडा शोधतात.

वनस्पतीच्या अर्काने जांभळा रंग गेला. म्हणजे संवाद तुटला ना?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो आणि बहुतेक प्रकल्प इथेच घसरतात. लवंग, हळद, हिरडा, डाळिंबाची साल, काहीही घ्या. पुरेसं घातलं की रंग जातो. रंग जायला निदान पाच कारणं असू शकतात: पेशी मेल्या, पेशी हळू वाढल्या, रंगद्रव्य बनवणारी एन्झाइमं अडली, संकेत-रेणू तुटला, किंवा ग्राहक अडला. यातली शेवटची दोनच कोरम सेन्सिंगची.

म्हणून क्रम असा ठेवावा. आधी अर्काची वाढ रोखणारी किमान मात्रा काढा आणि प्रयोग तिच्या १/४ व १/८ मात्रेवर करा. प्लेटवर वलय पारदर्शक असेल तर जीवाणू मेलेत. गढूळ पांढरट असेल तरच पुढे जायचं. मग द्रव कल्चरमध्ये दर दोन तासांनी नमुना घेऊन वसाहती मोजा. फक्त २४ तासांची मोजणी पुरत नाही: अर्काने वाढ दोन तास उशिरा सुरू झाली तरी १२ तासांना रंग कमीच दिसणार. तुलना एकाच वेळेची नको, एकाच पेशीसंख्येची हवी.

गढूळपणा ६०० नॅनोमीटरवर मोजू नका. व्हायोलेसिन तिथेही प्रकाश शोषतं, त्यामुळे जांभळं कल्चर जास्त दाट वाटतं. ७२० वापरा किंवा सरळ वसाहती मोजा. रंगद्रव्यासाठी १ मिलिलिटर कल्चर १३,००० फेऱ्यांवर १० मिनिटं फिरवा, गाळात १ मिलिलिटर डीएमएसओ घालून ३० सेकंद व्होर्टेक्स करा, पुन्हा फिरवा आणि वरचा द्रव ५८५ नॅनोमीटरवर वाचा. अर्काचा स्वतःचा रंग वजा करायला पेशींशिवायचा अर्कही तसाच वाचावा.

संकेत बनवणारी मूळ जांभळी जात वापरली तर अर्काने संकेत कुठे अडवला ते कळत नाही. सीव्ही०२६ आणि बाहेरून मोजून दिलेलं सी६ वापरलं तर एक गोष्ट तरी निश्चित होते. त्यात सी६ दहापट वाढवून पाहा: रंग परत आला तर अर्क ग्राहकाशी स्पर्धा करतोय किंवा रेणू तोडतोय. अजिबात परत आला नाही तर एन्झाइम किंवा पेशीच्या तब्येतीकडे संशय न्यावा. रेणू तुटतोय का हे वेगळं तपासता येतं: सी६ आणि अर्क पेशींशिवाय काही तास एकत्र ठेवा, एएचएल निष्कर्षणाने वेगळं काढा आणि किती उरलं ते खळग्यात पाहा. या मिश्रणाचा पीएच मोजायला विसरू नका; अल्कधर्मी अर्क कोणत्याही ‘औषधी गुणा’शिवाय एएचएल संपवतो.

टॅनिन भरपूर असलेले अर्क (हिरडा, डाळिंबाची साल) प्रथिनांना सरसकट बांधतात. अशा अर्काने रंग, चलन, एन्झाइमं सगळंच कमी होतं. ‘बहुगुणी संवादरोधक’ असं लिहिण्याआधी हीच शंका घ्यावी. दुसऱ्या प्रकारची चाचणी, उदाहरणार्थ एएचएलने प्रकाशणारी जात आणि तिच्या जोडीला कायम प्रकाशणारी जात, अशी ठेवली की बरेच खोटे निकाल गळतात.

बायोफिल्म कमी झाली तर ते पुरावा धरायचं का?

एकटं नाही. ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये ०.१ टक्का क्रिस्टल व्हायोलेट आणि ३० टक्के ॲसेटिक आम्लाची पद्धत एकूण चिकटलेला ऐवज मोजते, कारण सांगत नाही. शिवाय कडेच्या खळग्यांतलं पाणी उडतं, तिथे आकडे वाकडे येतात; कडेला नुसतं माध्यम भरावं. जोरात धुतलं तर थर निघून जातो.

प्रतिजैविकांना हा पर्याय ठरेल का?

संवाद तोडणारं औषध म्हणून रुग्णालयात नेहमीच्या वापरात आलेलं काही अजून नाही. कल्पना आकर्षक आहे: जीवाणूला मारत नाही, म्हणून निवडीचा दाब कमी आणि प्रतिकार येणार नाही. हे अर्धंच खरं. सुडोमोनासमध्ये फ्युरॅनोन (संवाद अडवणारा रेणू) बाहेर फेकणारे पंप वाढलेले उत्परिवर्ती प्रयोगशाळेत मिळाले आहेत. दुसरी अडचण मोठी: सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजाराच्या रुग्णांच्या फुप्फुसांत लासआर (लास यंत्रणेचं ग्राहक प्रथिन) निकामी झालेले सुडोमोनास सर्रास सापडतात. जी यंत्रणा आधीच बंद आहे तिला अडवून काय साधणार? कॅथेटरचे लेप, पाणी गाळायच्या पडद्यांवर साचणारा थर, वनस्पतींची सड इथे मला जास्त आशा वाटते, कारण तिथे थर बसायला उशीर झाला तरी फायदा मोजता येतो.

घरी करून पाहता येईल का?

क्रोमोबॅक्टेरियमचा प्रयोग घरी करू नका. हा उष्ण प्रदेशातल्या माती-पाण्यात सापडणारा जीवाणू आहे. माणसाला तो क्वचितच बाधतो, पण जखमेतून रक्तात गेला तर आजार गंभीर होतो. दुसऱ्या जैवसुरक्षा पातळीची प्रयोगशाळा, हातमोजे आणि वापरलेल्या प्लेटा १२१ अंशांवर किमान २० मिनिटं ऑटोक्लेव्ह करणं या किमान अटी आहेत. हातावर उघडी जखम असेल त्या दिवशी प्लेटांना हात लावू नये.